औषध लागू पडले आणि लघवी थांबली

कर्करोगाच्या औषधांचा त्रास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर गळलेले केस, उलट्या, तोंड येणे या गोष्टी येतात. आज ज्या त्रासाबद्दल बोलायचे आहे तो या यादीत सहसा नसतो. औषध अगदी बरोबर लागू पडल्यामुळे तो होतो. रक्ताचा कर्करोग झालेले मूल रुग्णालयात येते, निदान होते, उपचार सुरू होतात. मानेतल्या गाठी दोन दिवसांत डोळ्यांदेखत ओसरतात. घरची माणसे देवापुढे नारळ फोडतात, आणि तिसऱ्या दिवशी मुलाची लघवी थांबते. रोग माघार घेत असतानाच मूल हाताबाहेर जाऊ लागते. एके काळी कित्येक मुले उपचाराच्या या पहिल्या आठवड्यातच दगावत. आज योग्य काळजी घेतली तर त्यातली बहुतेक वाचतात. औषधशास्त्र शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली. विद्यार्थ्यांना कर्करोगावरच्या नव्या, महागड्या औषधांचे कुतूहल असे. मला मात्र मूत्रपिंडे वाचवण्याचा हा इतिहास त्याहून मोलाचा वाटत आला आहे.

आधी थोडे शरीरशास्त्र सांगतो. आपल्या प्रत्येक पेशीत पोटॅशियम आणि फॉस्फेट ठासून भरलेले असते, आणि पेशीच्या केंद्रात जनुकांचा ऐवज असतो. रोज असंख्य पेशी मरतात, पण थोड्याथोड्या. त्यांचा कचरा मूत्रपिंडे बिनबोभाट बाहेर टाकतात. ल्युकेमिया झालेल्या मुलाच्या अंगात निदानाच्या वेळी रोगट पेशींची संख्या एक लाख कोटींच्या घरात असू शकते. वजनात सांगायचे तर साधारण एक किलो. औषधाने यातल्या बऱ्याचशा एक-दोन दिवसांत फुटल्या, तर सारा माल एकदम रक्तात येतो. पोटॅशियम वाढले की हृदयाची लय बिघडते. फॉस्फेट वाढले की ते कॅल्शियमला धरून बसते आणि मुलाला झटके येऊ शकतात. जनुकांमधल्या प्युरिन नावाच्या घटकांचे शेवटी युरिक अ‍ॅसिड होते. ते मूत्रपिंडाच्या बारीक नळ्यांत पोहोचले की तिथल्या आम्लधर्मी लघवीत त्याचे स्फटिक होतात, नळ्या तुंबतात आणि लघवी बंद पडते. मग पोटॅशियमला बाहेर जायची वाटच उरत नाही.

या युरिक अ‍ॅसिडची एक गंमत आहे. कार्ल शेले या स्वीडिश औषधविक्रेत्याने ते १७७६ मध्ये मुतखड्यातून वेगळे काढले, तेव्हापासून ते आपल्याला ठाऊक आहे. गाय, मांजर आणि बहुतेक सस्तन प्राणी त्याची आणखी एक पायरी मोडतात आणि पाण्यात सहज विरघळणारे अ‍ॅलँटॉइन नावाचे द्रव्य तयार करतात. त्यासाठी लागणारे विकर माणूस आणि त्याचे जवळचे वानर-भाऊबंद उत्क्रांतीच्या वाटेत केव्हाच गमावून बसले. गोठ्यातल्या गायीकडे आहे ते आपल्याकडे नाही! हे ध्यानात ठेवा, कारण पुढे याच उणिवेवर इलाज सापडणार आहे.

या आपत्तीची जुनी नोंद १९२९ मधली आहे. बेडर्ना आणि पोल्चाक या दोन डॉक्टरांनी एका जर्मन वैद्यकीय नियतकालिकात ल्युकेमियाच्या रुग्णांना क्ष-किरण दिल्यावर मूत्रवाहिन्या तुंबल्याचे लिहून ठेवले. ते रुग्ण दीर्घकालीन ल्युकेमियाचे होते. लहान मुलांच्या तीव्र ल्युकेमियावर तेव्हा औषधच नव्हते. मुले आठवड्या-महिन्यांत जात, आणि रोगट पेशी झपाट्याने मारू शकेल असे काही हाती नसल्यामुळे हा धोकाही फारसा समोर येत नसे.

हे चित्र १९४८ मध्ये पालटले. बोस्टनच्या मुलांच्या रुग्णालयातले सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन नावाचे औषध १६ मुलांना दिले आणि त्यांपैकी १० मुलांचा रोग काही काळ मागे हटला. हे औषध लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेतून आले होते आणि तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमावरमचे. फार्बर यांचा निबंध जूनमध्ये छापून आला आणि ऑगस्टमध्ये सुब्बाराव गेले. अमिनोप्टेरिनचाच भाऊ मेथोट्रेक्सेट आजही मुलांच्या ल्युकेमियात रोज वापरात आहे.

आता पेशी मारणे जमू लागले. मेलेल्या पेशींचे काय करायचे, हा प्रश्न त्यामागोमाग आलाच. त्याचे पहिले चांगले उत्तर एका बाईंच्या हातून मिळाले, आणि तेही दुसऱ्याच प्रश्नाचा पाठलाग करताना.

गर्ट्रूड एलियन न्यूयॉर्कच्या. त्या १५ वर्षांच्या असताना आजोबा कर्करोगाने गेले आणि त्यांनी रसायनशास्त्र शिकायचे ठरवले. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, १९३७ मध्ये, पदवी मिळाली, पण प्रयोगशाळेत बाईमाणसाला नोकरी द्यायला कोणी तयार नव्हते. काही काळ त्यांनी एका किराणा दुकानांच्या साखळीसाठी लोणच्याचा आंबटपणा आणि मेयोनेजमध्ये जाणाऱ्या अंड्याच्या बलकाचा रंग तपासण्याचे काम केले. युद्धामुळे पुरुष कमी पडू लागले, तेव्हा १९४४ मध्ये बरोज वेलकम या औषध कंपनीत जॉर्ज हिचिंग्ज यांच्या हाताखाली त्यांना जागा मिळाली. पीएच.डी. करायची तर नोकरी सोडावी लागेल, अशी वेळ आली तेव्हा त्यांनी नोकरी ठेवली. पुढे १९८८ चे नोबेल पारितोषिक त्यांना हिचिंग्ज आणि जेम्स ब्लॅक यांच्याबरोबर मिळाले, ते पीएच.डी.शिवायच.

या दोघांची कल्पना साधी होती. पेशीला वाढायला प्युरिन लागते ना, मग प्युरिनसारखी दिसणारी खोटी वीट तिच्या हाती द्यायची, म्हणजे भिंत ढासळेल. त्यातून ६-मर्कॅप्टोप्युरिन निघाले. १९५३ मध्ये अमेरिकेत मुलांच्या ल्युकेमियासाठी त्याला मान्यता मिळाली. पण शरीर ही खोटी वीटही मोडून टाकी. हे मोडण्याचे काम झँथिन ऑक्सिडेज नावाचे विकर करते, आणि शरीरात युरिक अ‍ॅसिड तयार करणारे विकरही हेच. या विकराला लगाम घातला तर मर्कॅप्टोप्युरिन जास्त वेळ टिकेल, या हिशेबाने अ‍ॅलोप्युरिनॉल पुढे आले. ड्यूक विद्यापीठातल्या वेन रंडल्स यांनी ते रुग्णांना देऊन पाहिले. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निरीक्षणांत असे होते की मर्कॅप्टोप्युरिनचा जोर तर वाढला, पण त्याबरोबर रक्तातले आणि लघवीतले युरिक अ‍ॅसिडही उतरले.

मूळ हेतूच्या दृष्टीने हे औषध फारसे कामी आले नाही. मर्कॅप्टोप्युरिनचा जोर वाढला तसा त्याचा विषारीपणाही वाढला. दोन्ही एकत्र द्यायची वेळ आली तर मर्कॅप्टोप्युरिनचा डोस तिसऱ्या-चौथ्या हिश्शावर आणावा लागतो. हे न पाळणे धोक्याचे आहे, म्हणून परीक्षेत मी हा प्रश्न हमखास विचारत असे. मात्र गाउटच्या रुग्णांना अ‍ॅलोप्युरिनॉल वरदान ठरले. १९६६ मध्ये ते अमेरिकेच्या बाजारात आले. आणि ल्युकेमियाच्या मुलांना केमोथेरपीच्या आधीपासून ही स्वस्त गोळी द्यायची, म्हणजे नवे युरिक अ‍ॅसिड बनणारच नाही, ही रीत जगभर रुळली.

युरिक अ‍ॅसिडचा बंदोबस्त झाला म्हणजे काम झाले, असे काही वर्षे वाटत होते. तो समज युगांडात मोडला.

युगांडातल्या कंपालाच्या मुलागो रुग्णालयात डेनिस बर्किट नावाचे आयरिश शल्यचिकित्सक होते. जबडा विचित्र सुजलेली मुले त्यांच्याकडे येत. १९५८ मध्ये त्यांनी या गाठीचे वर्णन प्रसिद्ध केले आणि पुढे तिला त्यांचेच नाव पडले. माणसाला होणाऱ्या कर्करोगांत ही गाठ सर्वांत वेगाने वाढणाऱ्यांपैकी आहे. एक-दोन दिवसांत ती दुप्पट होऊ शकते. पण औषधालाही ती तितक्याच वेगाने दाद देते. सकाळी सलाईनमधून औषध द्यावे आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जबडा मोकळा दिसावा, असे तिथले डॉक्टर पाहत होते. १९६७ मध्ये मुलागोत या गाठींसाठी खास उपचार केंद्र निघाले आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतून गेलेले जॉन झीग्लर त्याचे पहिले संचालक झाले.

गाठ विरघळताना काही मुले अचानक दगावतात आणि त्यामागे पोटॅशियम असू शकते, हे बर्किटच्या गाठींच्या उपचारातून १९७३ मध्ये लिहिले गेले. त्याच वर्षी ल्युकेमियाच्या रुग्णांत फॉस्फेट चढल्याचे आणि कॅल्शियम उतरल्याचेही प्रसिद्ध झाले. १९८० मध्ये बर्किटच्या गाठीच्या ३७ रुग्णांचा एकत्र आढावा घेणारा निबंध आला आणि या साऱ्या प्रकाराचे नाव पक्के झाले, ट्यूमर लायसिस सिंड्रोम. आपण त्याला गाठ विरघळल्याची व्याधी म्हणू. निबंधाच्या लेखकांत झीग्लर होते आणि इयन मॅग्राथ हेही होते. मॅग्राथ यांचे नाव लक्षात ठेवा.

या निरीक्षणांतून जो उपाय पुढे आला तो ऐकायला अगदी किरकोळ वाटेल. पाणी. औषध सुरू होण्याच्या आधीपासून शिरेतून भरपूर द्रव द्यायचा आणि मूत्रपिंडाच्या नळ्या सतत वाहत्या ठेवायच्या. वीस किलोच्या मुलाला एरवी दिवसाला दीड लिटर पुरते. अशा वेळी त्याला जवळपास अडीच लिटर जाते, आणि त्या सलाईनमध्ये पोटॅशियम अजिबात घालायचे नसते. जेवढे आत गेले त्या मानाने बाहेर आले का, हे तासातासाला पाहायचे. काही तासांनी पुन्हा रक्त तपासायचे. गाठ फारच मोठी असेल तर पहिल्या आठवड्यात पूर्ण जोराची औषधे न देता थोड्या मात्रेने सुरुवात करायची, म्हणजे पेशी हप्त्याहप्त्याने मरतात. जर्मनीतल्या डॉक्टरांच्या गटाने ही सावकाश सुरुवातीची पद्धत चांगली बसवली.

१९७०च्या दशकाच्या अखेरीस मी निवासी डॉक्टर होतो. पोटॅशियमचा अहवाल कधी कधी दुसऱ्या दिवशी हाती येई, म्हणून आम्ही ईसीजीच्या कागदावर टोकदार झालेल्या लाटा शोधत बसायचो. लघवी मोजायचे काम आयांकडे असे. खुणा केलेली बाटली भरली की सिस्टरना सांगायचे आणि तक्त्यावर आकडा चढायचा. मराठवाड्यातून आलेल्या एका बाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांनी खाटेच्या दांड्याला एक सुती दोरा बांधला होता, आणि बाटली रिकामी केली की त्याला एक गाठ मारायच्या. एका पहाटे त्या स्वतःच सिस्टरांच्या टेबलापाशी आल्या. “सिस्टर, मधरातीपासनं एकबी गाठ न्हाई मारली,” म्हणाल्या. तक्त्यावरचा आकडा सकाळच्या फेरीत कुणीतरी पाहिला असता. त्या दोऱ्यामुळे चार तास आधी कळले. पोटात नळी घालून डायलिसिस सुरू झाले आणि आठव्या दिवशी मुलाची मूत्रपिंडे पुन्हा चालू झाली.

आता मॅग्राथ. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला युगांडात काम केलेल्या या ब्रिटिश डॉक्टरने पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतून भारतीय डॉक्टरांबरोबर ल्युकेमियाच्या उपचाराची एक पद्धत आखली. एमसीपी ८४१ हे तिचे नाव, त्यातले ८४ म्हणजे १९८४ साल. मुंबईतले परळचे टाटा स्मारक रुग्णालय, चेन्नईची कर्करोग संस्था आणि दिल्लीचे एम्स या ठिकाणी ती वापरली गेली. आपल्याकडची मुले उशिरा येत, गाठी मोठ्या असत, पोषण तोळामासा असे. अशा मुलांना जोरकस औषधे द्यायची तर पहिला आठवडा सांभाळता आलाच पाहिजे. कंपालातला अनुभव इथे परळमध्ये कामी आला, असे मी मानतो.

या इतिहासात एक माघारही आहे. युरिक अ‍ॅसिड आम्लात विरघळत नाही, अल्कलीत विरघळते. लघवी आम्लधर्मी असताना जेवढे विरघळते त्याच्या दहा पटींहून अधिक ती उदासीन झाल्यावर विरघळते. म्हणून सलाईनमध्ये सोडा बायकार्बोनेट घालायची पद्धत पडली आणि तीन-चार दशके ती जवळजवळ धर्मवाक्यासारखी पाळली गेली. पण फॉस्फेटचा स्वभाव नेमका उलटा. लघवी अल्कलीकडे झुकली की ते कॅल्शियमबरोबर साका धरते आणि मूत्रपिंडातच बसते. एक दार उघडताना दुसरे बंद होत होते. २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या शिफारशींनी सरसकट सोडा देणे बंद करायला सांगितले. मेथोट्रेक्सेट मोठ्या मात्रेत देताना मात्र सोडा अजूनही लागतोच, कारण ते औषध स्वतःच आम्लधर्मी लघवीत स्फटिक बनून नळ्या अडवते. एकाच वॉर्डात शेजारशेजारच्या दोन खाटांवर एकाला सोडा द्यायचा आणि दुसऱ्याला नाही, हे नव्या डॉक्टरांना समजावताना दमछाक व्हायची.

मूत्रपिंडांना त्रास देणारी कर्करोगाची औषधे आणखीही आहेत. १९६५ मध्ये हाती लागलेले सिस्प्लॅटिन तर मूत्रपिंडे बिघडवते म्हणून टाकूनच द्यायच्या बेतात होते. त्यालाही वाचवले ते औषधाच्या आधी आणि नंतर दिलेल्या भरपूर द्रवाने. त्याची कहाणी स्वतंत्र आहे, ती इथे लांबवत नाही.

अ‍ॅलोप्युरिनॉलची एक मर्यादा पहिल्यापासून जाणवत होती. ते नवे युरिक अ‍ॅसिड बनू देत नाही, पण आधीच बनलेल्याचे काय? ते तसेच राहते. शिवाय वाट अडवल्यामुळे मागे साठणारे झँथिनही फारसे विरघळणारे नाही. इथे गोठ्यातल्या गायीची आठवण होते. आपल्याकडे नसलेले विकर बाहेरूनच दिले तर? फ्रान्समध्ये १९७५ पासून एका बुरशीतून काढलेले हे विकर वापरात होते. काम उत्तम, पण काही रुग्णांना त्याची जोरदार अ‍ॅलर्जी येई. पुढे त्या बुरशीचे जनुक यीस्टमध्ये घालून शुद्ध स्वरूपात ते बनवता आले. रासब्युरिकेज असे त्याचे नाव. युरोपात २००१ मध्ये आणि अमेरिकेत २००२ मध्ये त्याला मान्यता मिळाली. ५२ रुग्णांवर केलेल्या एका तुलनेत पहिल्या डोसनंतर ४ तासांत रासब्युरिकेजने रक्तातले युरिक अ‍ॅसिड ८६ टक्क्यांनी उतरले, अ‍ॅलोप्युरिनॉलने १२ टक्क्यांनी. हे औषध इतके नेटाने काम करते की तपासणीसाठी काढलेल्या रक्तातही ते थांबत नाही. नळीतले युरिक अ‍ॅसिड मोडत राहते आणि अहवाल फसवा येतो. म्हणून ते रक्त ताबडतोब बर्फात ठेवून प्रयोगशाळेत न्यावे लागते.

त्याच्या दोन अडचणी आहेत. पहिली म्हणजे किंमत. मूळ शिफारस रोज एक याप्रमाणे पाच दिवसांपर्यंतची होती. भारतातल्या डॉक्टरांनी अनेक ठिकाणी एकच आणि लहान डोस देऊन, रक्त तपासत राहून, गरज पडली तरच दुसरा द्यायचा असा मार्ग काढला, आणि बहुतेक मुलांना तो एकच डोस पुरला. खर्चाच्या धाकाने शोधलेली ही वाट श्रीमंत देशांतली रुग्णालयेही आता चोखाळतात. दुसरी अडचण जन्मजात आहे. युरिक अ‍ॅसिड मोडताना हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. ज्यांच्या तांबड्या पेशींत जी-६-पीडी नावाचे विकर कमी असते त्यांच्या पेशी त्याने फुटतात. आपल्याकडे पारशी समाजात आणि काही आदिवासी समूहांत ही उणीव बऱ्याच जणांत आढळते. म्हणून औषधाआधी ती तपासणी करतात. उणीव निघाली तर पुन्हा जुनी गोळी आणि पाणी.

हे सारे रुग्णालयात घडते, निदान झाल्यावर. काही मुलांच्या बाबतीत मात्र पेशी फुटण्याची सुरुवात त्याआधी गावातच होते. प्रेडनिसोलोन आणि डेक्सामेथासोन ही स्टेरॉइड औषधे ल्युकेमियाच्या उपचाराचाच भाग आहेत. तीच औषधे दम्यासाठी, सांधेदुखीसाठी, न उतरणाऱ्या तापासाठीही दिली जातात. ल्युकेमियाचे मूल पुष्कळदा पाय दुखतात, ताप जात नाही, मानेत गाठी आल्या, अशाच तक्रारी घेऊन येते. अशा वेळी निदानाआधी स्टेरॉइड गेले तर मूल दोन दिवस टवटवीत दिसते, आणि सलाईनची तयारी नसताना, कुणी लघवी मोजत नसताना पेशी फुटू लागतात. नंतर बोनमॅरोची तपासणी केली तर खुणाही पुसट झालेल्या असतात. तेव्हा फिकट पडलेल्या, गाठी आलेल्या, हाडे दुखणाऱ्या मुलाला स्टेरॉइडचा पहिला डोस देण्याआधी रक्ताचा सीबीसी करावा, त्याची काच जाणकाराने सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी आणि शंका आली तर छातीचा एक्स-रे काढावा. आई-वडिलांनीही डॉक्टरांना हे विचारायला हरकत नाही. सीबीसी आता तालुक्याच्या गावीही होतो आणि अहवाल सहसा त्याच दिवशी मिळतो.